पेशीलाच विचारा

बारावीच्या जीवशास्त्रात एक तक्ता असतो. चौसष्ट चौकटी, प्रत्येक चौकटीत तीन अक्षरं आणि त्यांच्यापुढे एका अमिनो आम्लाचं नाव. परीक्षेपुरता तुम्ही तो पाठ केला असेल, पेपर झाल्यावर विसरलाही असाल. आज तो पुन्हा समोर घ्या आणि त्यातली नावं एकेक करून पुसून टाका. चौसष्टही चौकटी कोऱ्या झाल्या, की तुम्ही १९५७ सालात पोचलात. या चौकटींत काय भरायचं, हे त्या वर्षी पृथ्वीवर एकाही माणसाला ठाऊक नाही.

केंब्रिज, १९५७

फ्री स्कूल लेन नावाच्या अरुंद गल्लीत कॅव्हेंडिश प्रयोगशाळा आहे. आत या. चार वर्षांपूर्वी इथेच जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी पिळाची रचना मांडली. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडे झालेल्या क्ष-किरण छायाचित्रणाचा तिला मोठा आधार होता. वॉटसन आता अमेरिकेत आहेत. क्रिक इथेच आहेत आणि पुढच्या प्रश्नाला भिडलेत.

प्रश्न सांगायला सोपा आहे. डीएनएची अक्षरं चार, आणि पेशी जी वाचते त्या आरएनए नावाच्या प्रतीचीही चारच; त्यांतलं एक 'यू'. ज्यांच्या साखळ्यांतून प्रथिनं तयार होतात ती अमिनो आम्लं वीस. मग चार अक्षरांत वीस नावं लिहायची कशी? एकेक अक्षर घेतलं तर चारच नावं होतात. दोन-दोन घेतली तर सोळा, म्हणजे चार कमीच. तीन-तीन घेतली तर चौसष्ट, म्हणजे गरजेपेक्षा चव्वेचाळीस जास्त. या जास्तीच्या चव्वेचाळिसांचं निसर्ग करतो काय?

क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी यावर एक देखणं उत्तर काढलंय. अक्षरांची ओळ सलग आहे, दोन शब्दांमध्ये जागा नाही की खूण नाही. तरीही वाचताना चूक होऊ द्यायची नसेल, तर काही त्रिकं बाद करावी लागतील. एकच अक्षर तीनदा आलेलं त्रिक तर नकोच. यू-यू-यूच्या पुढे पुन्हा यू-यू-यू आलं, तर शब्द कुठे सुरू झाला ते कळणार कसं? अशी चार त्रिकं गेली, साठ उरली. या साठांचे तीन-तीनचे गट पडतात, कारण प्रत्येक त्रिकातली अक्षरं चक्राकार फिरवली की आणखी दोन त्रिकं मिळतात. प्रत्येक गटातलं एकच ठेवायचं. साठ भागिले तीन, वीस. अगदी बरोबर वीस!

टाळी वाजवावीशी वाटते ना? पण तुमच्या पुसलेल्या तक्त्यात यू-यू-यू ही चौकट होती आणि तिच्यापुढे एक नावही होतं, हे तुम्हाला आठवतंय. इथे ते कुणाला माहीत नाही. पुरावा हाती नसल्याचं या तिघांनी स्वतःच लिहून ठेवलंय, पण उत्तर इतकं सुबक आहे, की ते खरंच असणार असं अनेकांना वाटतंय.

या कोड्यानं भौतिकशास्त्रज्ञांनाही ओढलंय. जॉर्ज गॅमो यांनी १९५४मध्ये 'आरएनए टाय क्लब' काढला. सभासद वीस, प्रत्येकाला एकेका अमिनो आम्लाचं नाव आणि आरएनएचं चित्र भरलेला टाय. रिचर्ड फाइनमन त्यात आहेत, एडवर्ड टेलर आहेत, क्रिक आणि वॉटसनही आहेत. टिपणं फिरताहेत, गणितं मांडली जाताहेत. हुशारीची वानवा नाही, पण चौकटी कोऱ्याच आहेत.

निघण्याआधी व्हर्नन इनग्राम यांच्या टेबलाजवळ थांबा. त्यांनी हिमोग्लोबिनचे विकरानं तुकडे केलेत आणि ते ओल्या कागदावर पसरवलेत, आधी विजेच्या प्रवाहानं, मग द्रावकानं. कागदावर निनहायड्रिन फवारलं की एकेक तुकडा जांभळा ठिपका होऊन दिसू लागतो. शेजारी-शेजारी दोन कागद आहेत. एक निरोगी माणसाच्या रक्ताचा, दुसरा सिकलसेलच्या रुग्णाचा. ठिपके ताडून पाहा. सगळे जागच्या जागी आहेत, फक्त एक सरकलाय. इनग्राम यांनी त्याचं कारणही शोधलंय: जवळजवळ तीनशे अमिनो आम्लांतलं एकच बदललंय, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलंय. एवढ्यानं माणूस आजारी पडतो. पण तो बदल कुठल्या अक्षरांत झाला, हे सांगायला तक्ता भरलेला हवा.

बेथेस्डा, २७ मे १९६१, पहाटेचे ३

आता तुम्ही वॉशिंग्टनजवळ, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या दहा नंबरच्या इमारतीत आहात. शनिवारची पहाट. हाइनरिश माथाई काम करताहेत. बत्तीस वर्षांचे, जर्मनीहून आलेले, मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. ज्यांच्याबरोबर ते काम करतात ते मार्शल निरेनबर्ग चौतीस वर्षांचे आहेत आणि सध्या दुसऱ्या एका प्रयोगासाठी कॅलिफोर्नियात बर्कलीला गेलेत. दोघांपैकी कुणीही टाय क्लबात नाही. त्यांची नावंही फारशी कुणाला माहीत नाहीत.

या दोघांनी कोडं कागदावर सोडवायचं नाही असं ठरवलं. जी यंत्रणा हा संकेत रोज वाचते, तिच्याचपुढे एक शब्द ठेवायचा आणि ती काय वाचते ते बघायचं.

त्यासाठी काय केलंय ते जवळून बघा. ई. कोलाय जिवाणू वाढवून ॲल्युमिनाच्या पुडीबरोबर खलून फोडलेत. तो लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जड भाग खाली बसवलाय. वर राहिलाय पेशीचा रस. त्यात जिवंत काहीच नाही, पण प्रथिनं जोडायची सगळी सामग्री शाबूत आहे. डीएनए तोडणारं विकर घातलं, की रसाला मिळणाऱ्या मूळच्या सूचना थांबतात. आता बाहेरून जो आरएनए द्याल, तोच हा रस वाचणार.

आज जो आरएनए द्यायचाय त्यात यूशिवाय दुसरं अक्षरच नाही. त्याला 'पॉली-यू' म्हणतात. कुठूनही वाचा, कितीही अक्षरांचे शब्द पाडा, सगळीकडे यूच. केंब्रिजच्या गणितानुसार या ओळीला काही अर्थच असू शकत नाही.

वीस अमिनो आम्लांसाठी वीस परीक्षानळ्या आहेत. प्रत्येक नळीत वीसही आम्लं आहेत, पण किरणोत्सारी कार्बन लावलेलं एकच, दर नळीत निराळं. ज्या नळीतलं किरणोत्सारी आम्ल प्रथिनाच्या साखळीत ओवलं जाईल, तिचा साका मोजणी यंत्राखाली बोलेल. तासभर नळ्या उबेत राहतात. मग आम्ल घालून प्रथिन खाली बसवायचं, गाळायचं, धुवायचं आणि मोजायचं.

तुलनेसाठी ठेवलेल्या, पॉली-यू नसलेल्या नळ्यांत आकडा ७०च्या आसपास येतो. तो पार्श्वभूमीचाच किरणोत्सार. फेनिलॲलनिनच्या नळीत आकडा येतो ३८,०००.

हा आकडा पुन्हा वाचा. पेशीच्या रसाला माणसानं पहिल्यांदाच एक शब्द लिहून दाखवला आणि रसानं तो वाचला. 'यू'ची ओळ म्हणजे फेनिलॲलनिनची साखळी. शब्द तीन अक्षरांचाच असतो हे अजून सिद्ध व्हायचंय, पण पहिल्या चौकटीवर नाव लागलं. आणि ज्या त्रिकाला विद्वानांनी सर्वांत आधी बाद केलं होतं, तीच ही चौकट.

तयार झालेली साखळी शुद्ध फेनिलॲलनिनचीच आहे, हे दाखवायचं तर ती विरघळायला हवी, आणि ती नेहमीच्या कुठल्याच द्रावकात विरघळेना. संस्थेत पाहुणे म्हणून आलेले इस्रायली शास्त्रज्ञ मायकेल सेला यांना उत्तर ठाऊक होतं: ॲसेटिक आम्लात हायड्रोब्रोमिक आम्ल मिसळून बघा. विरघळली.

मॉस्को, ऑगस्ट १९६१

याच महिन्यात बर्लिनमध्ये भिंत उभी राहतेय, आणि इकडे मॉस्कोत आंतरराष्ट्रीय जीवरसायन परिषदेला दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ जमलेत. निरेनबर्ग यांना एक छोटी खोली मिळालीय. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा, जागा भरपूर रिकामी आहे. ते शांतपणे आकडे सांगतात. ऐकणाऱ्यांत मॅथ्यू मेसेलसन आहेत. काय घडलंय हे त्यांच्या ध्यानात येतं आणि ते थेट क्रिक यांना गाठतात.

मग क्रिक काय करतात ते बघा. ते निरेनबर्ग यांना मोठ्या सभागृहात, सगळ्या परिषदेपुढे तेच भाषण पुन्हा करायला लावतात. या एका प्रयोगानं ज्यांचा सर्वांत सुबक सिद्धान्त मोडीत काढला, तेच क्रिक त्या प्रयोगाला व्यासपीठ मिळवून देतात. विज्ञान मोठं होतं ते अशा माणसांमुळे.

पुन्हा केंब्रिज, १९६१ची अखेर

क्रिक आता स्वतः हात ओले करताहेत. सिडनी ब्रेनर, लेस्ली बार्नेट आणि रिचर्ड वॉट्स-टोबिन यांच्याबरोबर ते टी-फोर नावाच्या विषाणूवर काम करताहेत. हा विषाणू जिवाणूंना मारतो. पेट्री डिशमध्ये जिवाणूंचा दाट, धुरकट थर वाढवला आणि त्यात तो सोडला, की जिथे जिवाणू मेले तिथे थराला स्वच्छ गोल भोक पडतं. विषाणूचं एक विशिष्ट जनुक बिघडलेलं असेल, तर ठरावीक जातीच्या जिवाणूंवर भोकं पडत नाहीत.

प्रोफ्लेविन नावाच्या रंगद्रव्यामुळे डीएनएच्या ओळीत एखादं अक्षर जास्त घुसतं किंवा गळतं. त्यानं काय होतं, ते आपल्या लिपीत करून बघा. तीन-तीन अक्षरांची ओळ घ्या:

कमल गवत उपट जवळ पसर

'कमल'नंतर एक 'न' घुसवा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा:

कमल नगव तउप टजव ळपस र

पुढचं सगळं बिघडलं. आणखी एक अक्षर, 'ग'नंतर 'ब', घुसवा:

कमल नगब वतउ पटज वळप सर

अजूनही अर्थ नाही. आता तिसरं, 'व'नंतर 'ह':

कमल नगब वहत उपट जवळ पसर

मधले दोन शब्द निरर्थक राहिले, पण पुढची ओळ ताळ्यावर आली. अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जात असतील, तरच हे घडेल. म्हणून विषाणूत एकाच जातीचे तीन बिघाड एकत्र आणले, तर त्याचं जनुक पुन्हा चालू लागायला हवं.

रात्रीच्या जेवणानंतर क्रिक आणि बार्नेट प्रयोगशाळेत परतलेत. डिश उजेडात धरलीय. एक बिघाड असताना भोकं नव्हती, दोन असतानाही नव्हती. तीन बिघाडांच्या या डिशवर भोकं आहेत. आधी दोघं खात्री करतात, की डिशांची अदलाबदल झालेली नाही. मग क्रिक बार्नेट यांना म्हणतात, की संकेत त्रिकांचा आहे हे या घडीला जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. आज तिथे तिसरे तुम्ही आहात. ३० डिसेंबर १९६१च्या 'नेचर'मध्ये हे सगळ्या जगाला कळेल.

मॅडिसन, १९६५

मधल्या वर्षांत शर्यत लागली. न्यूयॉर्कमध्ये नोबेल विजेते सेवेरो ओचोआ यांनी मोठी प्रयोगशाळा या कामाला जुंपली, तेव्हा बेथेस्डातल्या सहकाऱ्यांनी स्वतःची कामं बाजूला ठेवून निरेनबर्ग यांना हात दिला. १९६४मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी नवी युक्ती काढली: लांब आरएनए नकोच, तीन अक्षरांचा तुकडा पुरे. पेशीत प्रथिनं जोडणाऱ्या रायबोसोमला एक त्रिक द्यायचं. त्या त्रिकाशी जुळणारं वाहक आरएनए आपलं अमिनो आम्ल घेऊन येतं आणि रायबोसोमला चिकटतं. मग सगळं एका बारीक गाळणीतून गाळायचं. चिकटलेलं वर राहतं, बाकीचं वाहून जातं. त्रिकामागून त्रिक, चौकटी भरू लागल्या.

पण सगळीच त्रिकं या गाळणीत स्पष्ट बोलत नाहीत. म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठात चला, हरगोविंद खोराना यांच्याकडे. मुलतानजवळच्या रायपूर या शंभरेक वस्तीच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी, आणि गावात लिहिता-वाचता येणारं जवळपास हे एकच घर. लाहोरला शिक्षण झालं, सरकारी शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले. १९४९मध्ये भारतात परतले, तेव्हा इथे त्यांना साजेसं काम मिळालं नाही. ते पुन्हा इंग्लंडला गेले, मग कॅनडाला आणि शेवटी इथे आले. आपण काय गमावलं, ते इथे उभं राहिलं की कळतं.

खोराना पक्के रसायनशास्त्रज्ञ. हवा तो आरएनए ते अक्षरांच्या ठरवलेल्या क्रमानं घडवतात. आधी डीएनएचे छोटे तुकडे रासायनिक पद्धतीनं जोडायचे, मग विकरांकडून ते वाढवून त्यांची आरएनए प्रत काढून घ्यायची. यू-जी-यू-जी अशी आलटून-पालटून चालणारी ओळ घ्या. तीन-तीननं वाचली, तर त्यात दोनच त्रिकं येतात, यू-जी-यू आणि जी-यू-जी, एकाआड एक. रसातून निघालेल्या साखळीत सिस्टिन आणि व्हॅलिन आहेत, तीही एकाआड एक. गाळणीच्या प्रयोगांची जोड दिली की नक्की होतं: यू-जी-यू म्हणजे सिस्टिन, जी-यू-जी म्हणजे व्हॅलिन. खोराना यांच्याकडे चौसष्टही त्रिकं अशी हातानं घडवली गेली.

तीन चौकटींना अमिनो आम्ल मिळतच नाही. ती पूर्णविरामाची त्रिकं, तिथे साखळी संपते. त्यांच्या शोधाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. साखळी मध्येच तोडणाऱ्या उत्परिवर्तनांचा परिणाम दुसऱ्या एका उत्परिवर्तनानं पुसला जातो, हे दाखवणारं काम ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर केलं. १९६२मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचं काम उभं केलं.

कोल्ड स्प्रिंग हार्बर, जून १९६६

न्यूयॉर्कजवळच्या या गावी भरलेल्या परिषदेत तुमचा तक्ता जवळपास भरून तुमच्यासमोर ठेवला जातो. एकसष्ट त्रिकं वीस अमिनो आम्लांची, उरलेली तीन पूर्णविरामाची. त्यातल्या शेवटच्या पूर्णविरामावर पुढच्या वर्षी शिक्कामोर्तब होईल. १९५७मध्ये पडलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. निसर्गानं जास्तीची त्रिकं फेकली नाहीत, वाटून टाकली. ल्युसिनला सहा मिळाली, व्हॅलिनला चार, मेथिओनिनला एकच. त्यामुळे तिसरं अक्षर चुकलं तरी अनेकदा नाव तेच राहतं. माणसानं काढलेलं उत्तर काटेकोर होतं, पण एकही चूक सोसणारं नव्हतं. निसर्गाचं उत्तर चूक पोटात घालणारं आहे.

आणि हा तक्ता, मोजके अपवाद सोडले तर, सगळ्या सजीवांचा एकच आहे. मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणू बिनचूक वाचतो, म्हणून आज मधुमेहाच्या रुग्णाला जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन मिळतं.

१९६८चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि वाहक आरएनएची रचना उलगडणारे रॉबर्ट हॉली या तिघांना मिळालं. त्या शनिवारी पहाटे नळ्या भरणारे माथाई त्यात नव्हते. तक्ता बघाल तेव्हा त्यांचंही नाव घ्या.

महाराष्ट्र, आज

आता भरलेला तक्ता घेऊन आपल्या काळात या आणि इनग्राम यांच्या सरकलेल्या ठिपक्याचा अर्थ लावा. ग्लुटामिक आम्लाचं त्रिक जी-ए-जी. व्हॅलिनचं जी-यू-जी. मधलं एक अक्षर बदललं, एवढंच. इथे निसर्गाची सोय कामी आली नाही, कारण चूक तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या अक्षरात झाली. तेवढ्यानं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं तळमळतो. नंदुरबारमध्ये, मेळघाटात, गडचिरोलीत, विदर्भातल्या कितीतरी घरांत हे एक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हा शाप नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, कुणा सुनेचा दोष नाही. आई आणि वडील दोघांकडून हे अक्षर आलं तरच आजार होतो. एकाकडूनच आलं, तर माणूस वाहक असतो आणि बहुतेकदा ठणठणीत असतो, म्हणून त्याला ते कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

या सगळ्या प्रवासाचं सार एकच आहे. जगातल्या अत्यंत हुशार माणसांनी अंदाज बांधला, तो सुंदर होता आणि चुकला. पेशीलाच विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं. तोंडावरून, जातीवरून, 'आमच्या घरात तसलं काही नाही' या खात्रीवरून वाहक ओळखता येत नाही. तो रक्ताच्या तपासणीतच कळतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३पासून सुरू आहे आणि चाचणीला बोटातून काढलेलं थेंबभर रक्त पुरतं. तुमच्या भागात हा आजार असेल, तर पत्रिका जुळवण्याआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्या.